‘कडवी खट्टी मीठी’ : एका फसलेल्या उपमालिकेची शक्यता

प्रस्तावना

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांकडे समीक्षेच्या दृष्टीने पाहण्याची सवय आपल्याकडे अद्याप पुरेशी रुजलेली नाही. मालिका चालली तर ती लोकप्रिय व न चालली तर ती फसलेली, अशा दोन कप्प्यांत तिची वाटणी केली जाते आणि विषय संपतो. वास्तविक न चाललेल्या कलाकृतीचा अभ्यास अनेकदा अधिक उपयुक्त ठरतो. कारण यशाची कारणे यशाच्या झगमगाटात झाकली जातात, अपयशाची मात्र उघडी राहतात. प्रस्तुत लेखात अशाच एका मालिकेचा विचार करावयाचा आहे. २००६ साली ‘स्टार वन’ या वाहिनीवर आलेली ‘कडवी खट्टी मीठी’ ही ती मालिका होय. ‘तू तू मैं मैं’ या अत्यंत गाजलेल्या हिंदी मालिकेतून ती निघाली होती. मूळ मालिका सुमारे सहा वर्षे दोन वाहिन्यांवर चालली. तिच्यातून निघालेल्या मालिकेला त्याच्या जवळपासही जाता आले नाही. ही मालिका यशस्वी होऊ शकली असती काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न सुरतेच्या संदर्भात विचारण्यास विशेष कारण आहे. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. महानगरपालिका गुजरातीबरोबरच मराठी, उर्दू, हिंदी, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालविते. इतक्या भाषांच्या शहरात हिंदी मालिका ही शेजाऱ्यांनी एकत्र हसण्याची जागा असते. शिवाय ‘तू तू मैं मैं’ची भाषा हिंदी असली तरी तिचे दिग्दर्शक सचिन पिळगावकर आणि तिच्या दोन्ही नायिका, रीमा लागू व सुप्रिया पिळगावकर, मराठी चित्रपट व रंगभूमीच्या परंपरेतून आलेल्या होत्या. त्यामुळे सदर मालिकेचे यशापयश हा मराठी विनोदाच्या इतिहासाचाही भाग ठरतो.

उपमालिका म्हणजे काय?

गाजलेल्या मालिकेतील एखादे पात्र किंवा काही पात्रे उचलून त्यांच्याभोवती नवी मालिका उभी करण्याच्या प्रकाराला इंग्रजीत स्पिनऑफ म्हणतात. येथे त्यासाठी ‘उपमालिका’ हा शब्द वापरला आहे. ‘कडवी खट्टी मीठी’ कालक्रमाने मूळ कथेच्या पुढची असल्याने तिला उत्तरभागही म्हणता येईल. तथापि तिचे नाव नवे, वाहिनी नवी आणि कथेचा केंद्रबिंदूही नवा होता. मूळ मालिकेत देवकी ही सासू व राधा ही सून. नव्या मालिकेत राधा स्वतः सासू झाली, देवकी आजेसासू झाली आणि राधाच्या सुनेच्या भूमिकेत जसवीर कौर आली. म्हणजे जुन्या घरातील जोडी घेऊन नवे घर मांडण्याचाच हा प्रयत्न होता. म्हणून तिला उपमालिकेचा न्याय लावणे योग्य ठरते.

मूळ मालिकेचे बळ

‘तू तू मैं मैं’ १९९४ साली डीडी मेट्रोवर सुरू झाली व पुढे स्टार प्लसवर गेली. त्याच वर्षी ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटात रीमा लागू यांनी अत्यंत मायाळू आई साकारली होती. १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’पासून हिंदी प्रेक्षकांना त्यांची हीच ओळख होती. मालिकेने नेमकी ही ओळख उलटी केली. पडद्यावरची आदर्श आई घरात येऊन सुनेशी कडाकडा भांडू लागली, यातच पहिला हशा दडलेला होता.

दुसरे बळ बरोबरीचे. दोन्ही अभिनेत्रींच्या वयात सुमारे नऊ वर्षांचेच अंतर होते. त्यामुळे दुबळी सून आणि बलाढ्य सासू असे चित्र कधीच निर्माण झाले नाही. दोघींची जीभ सारखीच तिखट आणि दोघींचा आवाज सारखाच चढा. सासरे झालेले कुलदीप पवार आणि नवरा झालेले महेश ठाकूर यांच्या वाट्याला प्रामुख्याने मध्ये सापडण्याचे काम आले. भांडण तुल्यबळांचे असले की ते अन्याय वाटत नाही, खेळ वाटतो. सासू-सुनेचे नाते हे भारतीय कुटुंबातील सत्तेचे नाते आहे, हे समाजशास्त्राने वारंवार सांगितले आहे. ‘तू तू मैं मैं’ने सत्ता क्षणभर बाजूला ठेवून तेथे बरोबरी आणली. तिच्या विनोदाचे मर्म येथे आहे.

जोडीच्या विनोदाची ही जाण मराठीला जुनी आहे. बडोद्यास राहून लिहिणाऱ्या चिं. वि. जोशी यांनी चिमणरावाच्या जोडीला गुंड्याभाऊ दिला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी ती जोडी उभी केली, तेव्हाही भित्रा चिमणराव आणि दांडगा गुंड्याभाऊ एकमेकांवाचून अपुरे वाटत. जोडीतील विनोद व्यक्तींत नसतो, त्यांच्या मधल्या अंतरात असतो. उपमालिका काढणाऱ्यांनी प्रथम हे अंतर जपावे लागते.

तिसऱ्या पिढीचा प्रवेश

‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ ही म्हण मराठी घरांत सर्वपरिचित आहे. ‘कडवी खट्टी मीठी’ची मूळ कल्पना या म्हणीतच सामावलेली आहे. जिने सासूशी सहा वर्षे भांडण केले, तिच्याच घरात आता सून आली. कल्पना म्हणून हिच्यात खोट काढणे कठीण आहे. राधा वरून सासूच्या आणि खालून सुनेच्या माऱ्यात सापडते. काल जे बोलली तेच आज तिला ऐकावे लागते. विनोदाच्या दृष्टीने यापेक्षा सुपीक जागा क्वचितच मिळेल.

मात्र याच जागेत दोन अडचणीही होत्या. पहिली अडचण गणिताची. दोन माणसे भांडतात तेव्हा भांडण होते. तिघे भांडू लागले की पक्ष पडतात. आजेसासू नातसुनेच्या बाजूने गेली तर राधा एकटी पडते. सासू-सून एक झाल्या तर नवी सून एकटी पडते. एकट्या पडलेल्या माणसावरचे हसू फार काळ निर्मळ राहत नाही. म्हणजे मूळ मालिकेचे मर्म असलेली बरोबरी तिसऱ्या व्यक्तीच्या प्रवेशाने आपोआप ढळते. ती सावरण्यासाठी पक्ष सतत बदलते ठेवणे हाच एक उपाय असतो. आणि त्यासाठी लेखनाची रीत मुळापासून बदलावी लागते.

दुसरी अडचण काळाची. मूळ मालिका २००० च्या सुमारास थांबली आणि २००६ मध्ये राधा सासू म्हणून समोर आली. सुप्रिया पिळगावकर यांचे वय तेव्हा चाळिशीच्या आतच होते आणि आजेसासू झालेल्या रीमा लागू पन्नाशीच्याही आत होत्या. प्रेक्षकाच्या स्मरणात राधा अद्याप सूनच होती. तिचे सासू होणे त्याने पाहिले नव्हते, ते त्याला सांगितले गेले. पात्राच्या वाढीची मधली वर्षे गाळली की जुन्या ओळखीचा लाभ निम्मा होतो.

परदेशी मालिकांचे दाखले

या अडचणी उपमालिकेला मारक ठरतातच असे नाही. परदेशी दूरचित्रवाणीचा अनुभव येथे उपयोगी पडतो. अमेरिकेत ‘चिअर्स’ (१९८२–१९९३) या मालिकेतील डॉ. फ्रेझर क्रेन हे पात्र घेऊन १९९३ साली ‘फ्रेझर’ निघाली व ती ११ वर्षे चालली. तिच्या कर्त्यांनी शहर बदलले, मित्रमंडळ बदलले. परंतु सुशिक्षित, नखरेल फ्रेझरसमोर त्याचा निवृत्त पोलीस बाप उभा केला. नायकाला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळाला. उलट ‘फ्रेंड्स’मधील जोई या पात्रावरची ‘जोई’ ही मालिका २००४ मध्ये मोठ्या गाजावाजाने सुरू झाली आणि २००६ मध्ये बंद पडली. सहा मित्रांपैकी एकाला बाहेर काढले, पण त्याच्यासमोर त्याच्या वजनाचे कोणी ठेवले नाही. पुढे २०२३ मध्ये ‘फ्रेझर’ पुन्हा काढली गेली, तेव्हा बाप आणि धाकटा भाऊ या दोन्ही पात्रांवाचून ती दोन हंगामांतच थांबली. पात्र तेच, नट तोच. समोरचा माणूस मात्र नव्हता.

आणखी एक दाखला याहून बोलका आहे. ‘मॅन अबाउट द हाउस’ या ब्रिटिश मालिकेतील घरमालक दांपत्यावर १९७६ मध्ये ‘जॉर्ज अँड मिल्ड्रेड’ निघाली आणि १९७९ पर्यंत उत्तम चालली. मूळ मालिकेचे अमेरिकन रूप असलेल्या ‘थ्रीज कंपनी’मधील त्याच दांपत्यावर १९७९ मध्ये ‘द रोपर्स’ निघाली. तिची सुरुवात चांगली झाली; परंतु पुढे तिची वेळ शनिवार संध्याकाळी हलविण्यात आली आणि १९८० मध्ये ती बंद पडली. जोडपे तेच, कल्पना तीच, निकाल मात्र निराळे. यावरून असे दिसते की उपमालिकेचे भवितव्य केवळ कल्पनेवर ठरत नाही. ती कोठे, केव्हा व कोणासमोर मांडली जाते यावरही ठरते.

वाहिनी, वेळ आणि मोजमाप

हा न्याय ‘कडवी खट्टी मीठी’ला लावून पाहता चित्र बरेच स्पष्ट होते. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली. वाचकांच्या लक्षात येईल की, या शीर्षकात ‘कडवी खट्टी मीठी’ची सगळी कल्पना आधीच बसलेली आहे. सासूही कधीकाळी सून होती, हे वाक्य विनोदाचेही बीज होऊ शकते आणि अश्रूंचेही. एकता कपूर यांच्या संस्थेने त्याचे अश्रू केले. विरानी या गुजराती घराण्याच्या अनेक पिढ्यांची ही कथा सोमवार ते गुरुवार रात्री साडेदहाला २००८ पर्यंत चालली. मराठीतही २००१ साली ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली आणि तिने तीन हजारांहून अधिक भाग पुरे केले. म्हणजे २००६ येईपर्यंत प्रेक्षकाला सासू-सुनेच्या भांडणाकडे कारस्थान म्हणून पाहण्याची सहा वर्षांची सवय जडली होती. पक्ष पडणे, कोणी एकटे पडणे, या गोष्टींचा अर्थ त्याच्या मनात पक्का झाला होता. तिसऱ्या पिढीने निर्माण केलेली गणिताची अडचण या सवयीमुळे दुप्पट झाली.

त्यात वाहिनीची निवड. स्टार वन ही वाहिनी १ नोव्हेंबर २००४ रोजी सुरू झाली, ती शहरी व तरुण प्रेक्षकावर नजर ठेवून. २००५ मध्ये तिच्यावर आलेल्या ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ने एकट्या विनोदवीराच्या किश्शांची लाट आणली. या वाहिनीचा प्रेक्षक कॉलेजच्या कथा आणि किस्से यांसाठी येत होता. देवकी-राधेला ओळखणारा प्रेक्षक, म्हणजे घरातील मधल्या व थोरल्या पिढीतील बाई, त्या वेळी स्टार प्लसवर होती. मालिका एका घरी आणि तिचे पाहुणे दुसऱ्या घरी, अशी ही अवस्था झाली.

मोजमापाचाही विचार करावयास हवा. २००६ साली प्रेक्षकसंख्या मोजण्याचे काम टॅम ही संस्था करीत असे व त्यासाठी नमुन्यादाखल काही हजार घरांत यंत्रे बसविलेली असत. अशा मोजमापात सावकाश रुजणारी मालिका नेहमीच मार खाते. त्याच वाहिनीवरील ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ (२००४–२००६) हे याचे ठळक उदाहरण होय. पहिल्या प्रक्षेपणात तिला बेताचाच प्रतिसाद मिळाला. पुनःप्रक्षेपणांतून व पुढे इंटरनेटवरून मात्र ती एका पिढीची लाडकी मालिका बनली आणि २०१७ मध्ये तिचा दुसरा हंगाम काढावा लागला. म्हणजे २००६ चा निकाल हा अंतिम निकाल असतोच असे नाही.

सुरतेच्या घरातून पाहताना

वरील विवेचन वाहिन्यांच्या बाजूने झाले. प्रेक्षकाच्या बाजूने पाहण्यास सुरत हे चांगले ठिकाण आहे. सुरती बोलीचा रोखठोकपणा प्रसिद्ध आहे. येथे शिवी अनेकदा जिव्हाळ्याची खूण असते आणि आवाज चढला म्हणजे संबंध तुटला असे होत नाही. याच शहरात १९०१ साली जन्मलेले गुजराती विनोदकार ज्योतींद्र दवे यांनी धनसुखलाल मेहता यांच्यासह १९३६ मध्ये ‘अमे बधां’ ही कादंबरी लिहिली. जुन्या सुरतेच्या कुटुंबजीवनाचे ते हसरे चित्र आहे. घरातील थोरामोठ्यांवर हसूनही त्यांच्याविषयीची माया कमी होऊ न देणे, हे या परंपरेचे वैशिष्ट्य होय. ‘तू तू मैं मैं’चे भांडण याच जातीचे होते.

दुसरीकडे उधना-लिंबायतसारख्या वस्तीतील घर पाहावे. यंत्रमाग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. कर्ता पुरुष बराच काळ घराबाहेर असतो. खोल्या कमी, माणसे अधिक आणि दूरचित्रवाणी संच एकच. सासू, सून आणि कधी आजेसासूही त्याच एका संचासमोर बसतात. विरानींचा वाडा या घराला परका आहे. स्वयंपाकघरातल्या डब्यावरून निघालेले भांडण परके नाही. तीन पिढ्यांच्या स्त्रिया एका खोलीत राहतात तेथे सासू-सुनेच्या भांडणाकडे हसून पाहण्याची सोय ही चैन नसून गरज असते. अशा घराला या मालिकेचा खरा प्रेक्षक मानता येईल. शहरी तरुणासाठी उघडलेल्या वाहिनीचा हिशेब मात्र अशा घराला धरून केलेला नव्हता.

शक्यतेची कसोटी

‘अमुक झाले असते तर’ असे कोणत्याही फसलेल्या कृतीविषयी म्हणता येते. म्हणून अशा विधानाला कसोटी हवी. ती अशी सुचविता येईल : जवळपास त्याच काळात, तशाच रचनेची दुसरी कृती यशस्वी झाली असेल, तरच पहिलीच्या यशाची शक्यता मान्य करावी.

या कसोटीवर तीन साक्षी उभ्या करता येतात. पहिली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ (२००१–२००४). दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या लेखनावर आधारलेल्या व केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या या मराठी मालिकेत आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे अशा तीन पिढ्या होत्या. आजोबांना कोणाच्या पक्षात न टाकता पाहणाऱ्याच्या जागी ठेवल्याने तीन पिढ्यांचे गणित तेथे सुटले. दुसरी साक्ष ‘बा बहू और बेबी’ची. २००५ साली स्टार प्लसवर, म्हणजे अश्रूंच्या मालिकांच्या ऐन शेजारी, ही मोठ्या गुजराती कुटुंबाची हसरी कथा सुरू झाली आणि चांगली चालली. तिच्या केंद्रस्थानी साठी उलटलेल्या सरिता जोशी होत्या. मराठी कुटुंबात जन्मून त्यांनी गुजराती रंगभूमी गाजविली होती. वयस्क स्त्रीभोवती विनोदी मालिका उभी राहू शकते, हे तिने सिद्ध केले. तिसरी साक्ष ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ची. २८ जुलै २००८ रोजी सब वाहिनीवर सुरू झालेल्या या मालिकेने दाखवून दिले की सबंध कुटुंबाने एकत्र बसून पाहावयाच्या विनोदाला मोठी मागणी होती. फक्त त्यासाठी तशी वाहिनी हवी होती.

या तीन साक्षींवरून उत्तराची दिशा ठरते. रचनेचा प्रश्न सुटण्याजोगा होता, वयस्क नायिकांचा अडसर नव्हता आणि प्रेक्षकही होता. मात्र या तिन्ही गोष्टी २००६ च्या स्टार वनवर एकत्र आल्या नाहीत.

येथे एक आक्षेप संभवतो. मालिकेत दम असता तर तिने वाहिनीवर मात केलीच असती, असे म्हणता येईल. ‘साराभाई’ने शेवटी ती केली. परंतु ‘साराभाई’ला मागची आठवण सांभाळायची नव्हती, ती कोऱ्या पाटीवर सुरू झाली होती. उपमालिकेला दोन प्रेक्षक सांभाळावे लागतात, जुने आठवणारे आणि नवे अनोळखी. जुने तुलना करतात, नव्यांना संदर्भ लागत नाही. म्हणून तिला वेळ अधिक लागतो, आणि नेमका वेळच तिला मिळत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की ‘कडवी खट्टी मीठी’ यशस्वी होऊ शकली असती. पण ‘तू तू मैं मैं’ची पुनरावृत्ती म्हणून नव्हे. ती राधाची मालिका व्हावयास हवी होती. आपण आपल्या सासूसारख्याच होत चाललो आहोत हे जिला कळते आणि तरीही जिला थांबता येत नाही, अशी मधली स्त्री तिच्या केंद्रस्थानी हवी होती. देवकीला पाहणाऱ्याची व टोमणा मारणाऱ्याची जागा आणि नव्या सुनेला राधाच्या तोडीची जीभ, एवढी मांडणी झाली असती तर ढळलेली बरोबरी पुन्हा साधता आली असती. कुटुंबाच्या वाहिनीवर ती आली असती तर पुरेसा वेळही मिळाला असता. तिचे यश मूळ मालिकेएवढे झाले असते असे मात्र म्हणता येणार नाही; पहिल्या भेटीचा आनंद उपमालिकेच्या वाट्याला येत नाही.

हा प्रश्न एका मालिकेपुरता नाही. सासू-सुनेच्या नात्याकडे पाहण्याच्या दोन रीती त्या दशकात समोरासमोर होत्या. एक रीत भांडणाला कट मानणारी, दुसरी त्याला बरोबरीचा खेळ मानणारी. पहिली घरोघरी पोहोचली आणि दुसरी मागे पडली. १८ मे २०१७ रोजी रीमा लागू यांचे निधन झाले आणि ती जोडी पुन्हा उभी राहण्याची वाटही मिटली. माध्यमांचा अभ्यास शिकविणाऱ्या अध्यापकांनी अशा फसलेल्या मालिका वर्गात अवश्य घ्याव्यात. आकड्यांनी कोणाचे हसू मोजले आणि कोणाचे मोजलेच नाही, हे विद्यार्थ्यांना दाखविण्यास त्यांच्याइतके सोपे साधन दुसरे नाही. आणि सुरतेच्या विद्यार्थ्याला तर त्याचा पडताळा स्वतःच्या घरातच घेता येईल.